स्रोत: वडील

“वडील हा स्रोत नाही.”

एवढंच लिहिलं होतं त्याने. खाली एक हसरा चेहरा आणि त्याच्या खाली विषय मिटवल्याची करडी ओळ. जगात कुणालाही वाचता येईल अशा पानावर. मी ते वाचलं तेव्हा न्हावा-शेव्याजवळच्या कंटेनर यार्डाच्या ऑफिसात डबा खात होते. सुकटीची चटणी आणि पाव. घास तसाच गिळला, हात धुतले आणि उत्तर लिहायला बसले. पहिला शब्द लिहिला: धन्यवाद.

त्या शब्दाचा मला आजही राग येतो. त्या माणसाचाही येतो, पण त्या शब्दाचा जास्त.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. पदवी घेतलेलीही पहिलीच. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींनी अर्ज लिहायला शिकवला: वर ‘महोदय’, खाली ‘आपली आज्ञाधारक’. हायस्कुलात इंग्रजीच्या बाईंनी तेच ‘युवर्स ओबिडियंटली’ म्हणून घोकून घेतलं. पुढे फी-सवलतीचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रत्येकाखाली मी तेच लिहीत गेले आणि अर्ज मंजूर होत गेले. ज्यांनी ते मंजूर केले त्या सगळ्यांची मी ऋणी आहे, हे मी मनापासून लिहिते. पण त्यातून एक खोड लागली. कुणी काही दिलं की आधी वाकायचं, मग बघायचं काय दिलंय ते.

यार्डात सॉफ्टवेअर सांभाळायची नोकरी लागली तेव्हा मला धड काम येत नव्हतं आणि शिकवायला कुणाला वेळ नव्हता. त्या दिवसांत मला एक ॲप सापडलं, कोकणपट्टीच्या भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं. ते ओपन सोर्स होतं. म्हणजे ते फुकट होतंच, शिवाय त्याचा सगळा कोड उघडा होता. कुणीही वाचावा, उतरवून घ्यावा, बदल सुचवावा. बदल घ्यायचा की नाही हे ते सांभाळणारा माणूस ठरवतो, त्याला मेंटेनर म्हणतात. असे बदल जमवून दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती काढतात, ती रिलीज. मी तो कोड ओळ न् ओळ वाचून काम शिकले. तुमचं कॉलेज कुठलं, असं तिथे कुणी विचारलं नाही. मला वाटलं, आपल्यासारख्यांसाठीच ही जागा आहे. आधी मी ॲपचं मराठी सुधारून दिलं. ओहोटीला त्यांनी ‘कमी पाणी’ लिहिलं होतं. मग छोट्या छोट्या चुका दुरुस्त केल्या. प्रत्येक निरोपाखाली सवयीने लिहायचे, युवर्स ओबिडियंटली.

माझं गाव पेणच्या खाडीकाठी आहे. बाबा दिवाळी ते मे मिठागरात असायचे आणि पावसाळ्यात गावाच्या उघाडीवर. उघाडी म्हणजे खारबांधातलं दार. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती. ओहोटी लागली की दाराच्या फळ्या काढायच्या, शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरती चढायच्या आत फळ्या परत बसवायच्या. अर्धा तास चुकला तर खारं पाणी भातात. ते वर्ष तर जातंच, पुढची दोन वर्षंही जमीन तोंड वेंगाडून पडते. या कामाबद्दल गाव बाबांना घरटी पायलीभर भात द्यायचं.

बाबा शाळेत गेले नाहीत, पण पाऊणकी त्यांना पाठ आहे. तिथीची पाऊणपट केली की बंदरातल्या भरतीची वेळ निघते. चार पाऊण तीन, चतुर्थीला तीन वाजता. आठ पाऊण सहा, अष्टमीला सहा वाजता. आणि आमचं गाव खाडीत आत असल्यामुळे त्याच्या पुढे आणखी एक माप: “आपल्याकरं भात शिजंपरत थांबायचा.” बंदरात पाणी भरल्यावर आमच्या उघाडीवर भरायला भात शिजण्याइतका वेळ लागतो.

ॲपमध्ये हे शेवटचं माप नव्हतं. आमच्या खाडीलाही ते बंदराचीच वेळ दाखवायचं. मी ठरवलं, हे आपण घालू. एका दिवाळीला घरी गेले, बांबूवर खुणा केल्या, मिठागराच्या तोंडाशी रोवला. बाबा तिथे असायचेच. मी दर सुट्टीला जायचे, बाकीचे दिवस ते फोनवर वेळ सांगायचे आणि मी वहीत उतरवायचे. चैत्रापर्यंत नोंदी झाल्या. फरक निघाला पन्नास मिनिटं. मी कोड लिहिला, स्रोताच्या रकान्यात प्रामाणिकपणे ‘वडील’ असं लिहिलं आणि पाठवला. तेव्हा सांभाळणारा दुसरा होता. त्याने तो घेतला.

त्यानंतर मी जे केलं ते अभिमानाने केलं, आणि तेच माझ्या अंगावर आलं. गावच्या बांध समितीला मी ते ॲप दाखवलं. समितीचा अध्यक्ष माझ्याच वर्गातला. त्याने पोरांच्या फोनवर गजर लावून घेतले. गजर झाला की ज्याची पाळी त्याने जाऊन फळ्या टाकायच्या किंवा काढायच्या. पहाटेच्या अंधारात पाणी दिसत नाही, आणि दिसलं तरी चढतंय की उतरतंय हे ओळखायला नजर लागते. आता नजरेची गरजच नव्हती. सभेत अध्यक्ष म्हणाला, “काका, आता तुमी आराम करा. तुमच्याच पोरीनं सोय केलीय.” टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. बाबांनी टोपी झटकली आणि बाहेर गेले. त्या वर्षापासून पायलीभर भात बंद झालं. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलू लागले.

पहिला पावसाळा असा गेला. पाणी कुठे शिरलं नाही. मी निर्धास्त होते.

आणि आश्विनात, नवी आवृत्ती निघायच्या दहा दिवस आधी, नव्या मेंटेनरने आमच्या खाडीची पन्नास मिनिटं काढून टाकली. कारण तुम्ही वर वाचलंच आहे.

मी वहीची छायाचित्रं पाठवली. त्याने पाहिली नाहीत. मी धन्यवाद देऊन पुन्हा विचारलं. त्याने चर्चेला कुलूप घातलं आणि कळवलं, की काही म्हणायचं असेल तर रिलीजच्या मेळाव्याला या, हरिहरेश्वरला, तिथे प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतील. नवरात्र संपल्यावरचा शनिवार होता. दोन दिवसांवर कोजागिरी, म्हणजे उधाणाची भरती. परतीचा पाऊस होऊन गेला होता, शेतं पाण्याने भरलेली होती आणि भात कणसात आलं होतं. बंदराच्या वेळेने गजर झाले असते, तर पोरांनी खाडी भरलेली असतानाच फळ्या काढल्या असत्या.

मी पहाटेची एसटी धरली. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत त्यांच्या दोन गाड्या माझ्यासमोरच चढल्या. मागच्या काचेवर ॲपचं चिन्ह होतं म्हणून ओळखलं. मी पुढे होऊन नमस्कार केला. माझ्या पिशवीत बाबांच्या मिठागरातलं जाडं मीठ होतं, छोट्या छोट्या पुरचुंड्या बांधलेलं. भांडायला निघाले होते आणि भेट घेऊन निघाले होते. अशी मी.

गाडीतला एक जण काच खाली करून म्हणाला, “तुम्ही पण येताय? नाव?” मी सांगितलं. तो मागे वळून ओरडला, “अरे, ही ती! युवर्स ओबिडियंटली!”

गाडीत हसू फुटलं. मीही हसले. काय करणार. मला वाटलं, मायेने चिडवतायत. रिसॉर्टवर पोचल्यावर टेबलावर टी-शर्ट, बिल्ले आणि स्टिकर मांडलेले होते. त्यांत एक स्टिकर माझ्या त्या ओळीचा होता, खाली वाकून नमस्कार करणाऱ्या बाहुलीसकट. जवळपास प्रत्येकाच्या लॅपटॉपवर तो चिकटलेला. एकाने मलाही दिला, “कलेक्टर्स आयटम आहे, ठेवा.” मी तो घेतला. घेतला आणि म्हटलं, थँक यू.

मेंटेनर पस्तिशीचा असेल, पुण्याचा, बोलायला गोड. मी मिठाची पुरचुंडी पुढे केली. त्याने उघडून पाहिली. “हे काय? अच्छा, सोर्स आणलाय वाटतं!” सगळे हसले. पुरचुंडी त्याने चहाच्या टेबलावर साखरेशेजारी ठेवली आणि पुढच्या माणसाशी बोलायला लागला.

दुपारी माझी पाच मिनिटं आली. मी बांबूचं छायाचित्र दाखवलं, वही दाखवली, पन्नास मिनिटं कशी निघाली ते सांगितलं. शेतं, फळ्या, कोजागिरीचं उधाण, सगळं सांगितलं. मध्येच कुणीतरी म्हणालं, “मॅडम, हे कोड कॉन्फरन्स आहे, कृषी प्रदर्शन नाही.”

मेंटेनर पुढच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता. म्हणाला, “मी तुमचा आदर करतो. वडिलांचाही करतो. पण उद्या कुणी म्हणेल, आमची आजी सांगते परवा वादळ येणार. तेही घालू का?”

“तुमच्या आजीनं तीस वर्षं उघाडी राखली असेल तर घाला,” मी म्हटलं.

कुणीतरी शिट्टी वाजवली. मेंटेनरच्या चेहऱ्यावरचं गोड गेलं. “बघा, हे सगळे लोक इथे फुकट काम करतात. तुमचं गाव फुकट वापरतं. फुकट मिळतंय त्यात तक्रार कसली? थोडी कृतज्ञता ठेवा.”

मला! कृतज्ञता ठेवा म्हणून मला सांगितलं त्याने. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. आयुष्यभर मी दुसरं केलं काय होतं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. सकाळपासून ती कुणाशी बोलली नव्हती आणि माझ्यावर हसलीही नव्हती. तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, “ताई, नोंदी कुठल्या महिन्यांतल्या आहेत?”

“कार्तिक ते चैत्र.”

“आणि पावसाळ्यातल्या?”

मी वही उलटली. उलटून काय होणार होतं? पावसाळ्यातली एकही नोंद नव्हती. मिठागरवाल्यांच्या घरात भरती-ओहोटीची बोलणी दिवाळीनंतर सुरू होतात आणि मेमध्ये संपतात. पावसात वाफे पाण्याखाली गेले की भरती ही एकट्या बाबांची, उघाडीवरची गोष्ट, घरात तो विषयच निघत नाही. मी त्याच घरात वाढले. माझ्या डोक्यातलं वर्ष सहा महिन्यांचंच होतं. भातासाठी वेळ काढायला निघाले आणि मोजून आले मिठाची.

“नाहीत,” मी म्हटलं.

“मग नदीचं पाणी खाली येत असताना हाच फरक राहतो का?” तिने विचारलं. ती मला पाडायला विचारत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून ते जास्त लागलं.

मेंटेनरने दोन्ही हात पसरले. “देअर यू गो!” म्हणाला, आणि टाळ्या झाल्या. माझ्या पाच मिनिटांसाठी नाही, त्याच्या तीन शब्दांसाठी.

मी बाहेर आले. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर यात्रेकरूंची रांग होती, प्रदक्षिणा करून आलेले, पायजमे गुडघ्यापर्यंत भिजलेले. एका नारळाखाली उभी राहून मी बाबांना फोन लावला.

“हां, बोल.”

“बाबा, पावसात आपल्याकरं भरती कवा लागते? तवढ्याच उशिरा?”

“आता इचारतंस?”

“सांग ना.”

“पावसात वरशी नदी येते. खारी आधीच भरल्याली असते. तवा भात शिजंपरत थांबलीस तं पानी शेतात. भाताला आदन येतं ना, तवढाच टाइम.”

म्हणजे पन्नास नव्हे, वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे आख्खा पावसाळा माझ्या वेळेने गजर उशिरा वाजत होता.

“मंग फोनवरची येल चुकीची व्हती?”

“व्हय.”

“तू बोलला का न्हाय?”

“मना कोन इचारत होता? सगले तुज्या फोनला इचारत होते. आन् तुना पावसाचा काय म्हायत? पावसात तू घरा कवा आलीस?”

“पन पानी कुठं शिरला न्हाय. पोरांनी फल्या येलेवर...”

“पोरांनी!” बाबा हसले. “पोरं येयाच्या आधी मी जाऊन टाकत होतो. ती यायची, फल्या बघायची, बोलायची, म्हाताऱ्याला झोप न्हाय, फल्यांची राखन करतंय. कुनी बोललं, पायलीसाठी जीव अरकलाय. बोला म्हटलं.”

“सगला पावसाला?”

“आषाढ, श्रावन, भादवा. मोज. शिकल्याली हास ना.”

“पन कशाला?”

बाबा म्हणाले, “फोनमदी तुजा नाव होता. पानी शेतात गेला असता तं गाव तुना शिव्या घालता.” आणि फोन ठेवला. निरोपाचं काही नाही.

मी परत आत गेले. केक आणून ठेवला होता, त्यावर आवृत्तीचा आकडा. मेंटेनरच्या समोर लॅपटॉप, आणि सगळे उलटी मोजणी करायला जमलेले. मी गर्दीतून पुढे गेले.

“एक मिनिट थांबा. माझे पन्नास चूक आहेत, पावसाळ्यासाठी चूक आहेत. मी मान्य करते. पण तुम्ही काढून टाकलंत तर शून्य होतं, आणि शून्यही चूक आहे. त्या खाडीला वेळच दाखवू नका. ‘माहीत नाही’ असं लिहा. दोन ओळींचा बदल आहे, मी इथे बसून करते.”

“‘माहीत नाही’ दाखवणारं ॲप कोण वापरेल?” तो म्हणाला.

“ज्याला माहीत आहे त्या माणसाला जाऊन विचारणारे वापरतील. परवा उधाण आहे. गावाचं भात उभं आहे.”

“मॅडम, आत्ताच तुम्ही तुमचाच डेटा चूक म्हणालात. आता अजून एक बदल, तोही केक कापताना? पुढच्या रिलीजला बघू.” मग आजूबाजूला बघत, “चला, दहा!”

नऊ, आठ, सात. मागच्या रांगेतली ती मुलगी मोजत नव्हती, एवढं मला दिसलं. ‘एक’ म्हणताच बटण दाबलं गेलं. केकच्या तुकड्याची थर्माकोलची बशी कुणीतरी माझ्या हातात दिली. मी ती टेबलावर ठेवली. साखरेशेजारी पुरचुंडी तशीच होती. मी ती उचलून पिशवीत टाकली. बाकीच्या पुरचुंड्याही वाटल्या नाहीत.

दिघीच्या जेट्टीवर बोटीची वाट पाहताना अध्यक्षाला फोन केला. तिथून पुढे जे झालं ते कुणाला सांगावंसं वाटत नाही, पण सांगते.

“ॲपवरची येल बघू नका,” मी म्हटलं. “आजपासून ती चूक आहे. आणि पावसात होती तीपण चूकच होती.”

“काय बोलतंस? म्हंजे चार महिने गावाच्या शेतांशी खेल केलास?”

“चुकले मी.”

“चुकले! आन् मंग शेता वाचवली कोनी, देवानं?”

“माज्या बापानं. त्यालाच इचार फल्या आधी कोन टाकत होता.”

तो म्हणाला, “उद्या सभेला ये नी सगल्यांसमोर बोल.”

मी गेले. देवळापुढच्या मांडवात तीस-चाळीस माणसं होती. मी उभी राहून बोलले, आणि मध्येच एक चुलती कडाडली, “शिकली तं शिकली, आमच्या ताटात कशाला हात घातलास?” एकाने विचारलं, पोरगी शहरात पगार घेते, तिला कशाला भाताची काळजी? कुणी माझी बाजू घेतली नाही. घ्यावी असं काही मी केलंही नव्हतं. बाबा खांबाला टेकून बसले होते. शेवटी अध्यक्ष त्यांच्याकडे वळला, “काका, उघारी परत तुमी बघा.”

“मी बघतोच हाय,” बाबा म्हणाले. “तुमी बघायला शिका.”

कोजागिरीच्या मध्यरात्री अध्यक्ष आणि पाळीची दोन पोरं बाबांबरोबर उघाडीवर होती. मीही होते. पोरांच्या खिशात गजर वाजला. नव्या आवृत्तीच्या हिशेबाने ओहोटी लागून फळ्या काढायची वेळ झाली होती. एका पोराचा हात सवयीने फळीकडे गेला. बाबांनी काठीने तो बाजूला सारला आणि बॅटरी पाण्यावर धरली. पाण्यावरची काटकी आमच्याच दिशेने येत होती. “आजून येतंय,” बाबा म्हणाले. पोराने गजर बंद केला.

त्याच आठवड्यात मी ॲपचा सगळा कोड उतरवून माझी वेगळी प्रत काढली. ओपन सोर्सच्या परवान्याने ते करता येतं, कुणाला अर्ज करावा लागत नाही. माझ्या प्रतीत मी एकच बदल केला. आमच्या खाडीवर बोट ठेवलं की वेळेच्या जागी येतं: ‘माहीत नाही. उघाडीवर विचारा.’ पोरांच्या फोनवर तीच चढवली. बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, “हां. आता ठीक बोलतंय.”

पुढचा पावसाळा मी सोडला नाही. दर शनिवार-रविवार घरी. बांबू आता मिठागरावरून काढून उघाडीवर रोवला. आषाढात बाबा एकदाही माझ्याशी सरळ बोलले नाहीत. पाण्याकडे बघून आकडा सांगायचे आणि मी छत्री मानेत धरून लिहायचे. माझं काही चुकलं की, “तिकरं बघ, माज्याकरं नको.” श्रावणात एकदा पुरात बांबूच वाहून गेला. त्यांनी शिव्या घालत दुसरा तोडून आणला, माझ्याकडे फेकला आणि म्हणाले, “खुना तू कर. तुजा अक्षर बरा हाय.” हे त्यांच्या तोंडचं त्या वर्षातलं सगळ्यात मऊ वाक्य. भाद्रपदाच्या शेवटी वही भरली. आता पावसाचा फरक वेगळा, उन्हाळ्याचा वेगळा, आणि नदीला पूर असेल तर पुन्हा ‘माहीत नाही’.

ते मी माझ्या प्रतीत घातलं. महिन्याभरात मेंटेनरचा निरोप आला. नव्या आवृत्तीत आमची खाडी घ्यायची होती म्हणे. फार सुंदर काम, आम्हाला तुमचा अभिमान आहे, मेळाव्याला नक्की या, या वेळी मोठं भाषण द्या. स्टिकरबद्दल एक अक्षर नाही. वडिलांबद्दलही नाही.

मला नाही म्हणायचं होतं. मनात दोन दिवस मी नाहीच म्हणत होते. पण ज्या परवान्याने मी त्यांची प्रत काढली, त्याच परवान्याने तेही माझं घेऊ शकत होते. मी नको म्हटलं असतं तरी घेतलं असतं. आणि खाडीच्या पलीकडच्या गावांतली पोरं अजून त्यांच्याच ॲपवर होती, त्यांच्या उघाड्यांवर कुणाचा बाप उभा होता की नाही मला माहीत नव्हतं.

पण त्या परवान्यात आणखी एक अट आहे. मी ती तीनदा वाचली. मूळ कर्त्याने स्रोत म्हणून फाइलीच्या माथ्यावर जे लिहिलं असेल ते काढता येत नाही. मी माझी फाइल उघडून पाहिली. पहिलीच ओळ: ‘स्रोत: वडील, पावसात उघाडीवर उभे राहून.’

बाबांना विचारलं, त्या माणसाला काय लिहू? ते जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, “त्याला बोल, श्रावनात ये. माज्या बाजूला उभा रा. मंग बोल कोन सोर्स हाय तो.”

मी एवढंच लिहिलं: “घ्यायला माझी परवानगी लागत नाही. पहिली ओळ मात्र काढता येणार नाही, अट वाचा. मी मेळाव्याला येणार नाही.” शेवटी माझं नाव घातलं. त्याच्या वर काही लिहिलं नाही.

नवी आवृत्ती निघाली. मी फाइल उघडून पाहिली. ओळ आहे.